लोककथाप्रेरित अद्भुतविश्वातील गौण पात्रे : ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या संदर्भात

प्रस्तावना :

कादंबरीतील पात्रचित्रणाचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष सहसा नायक, नायिका आणि खलनायक यांच्यावर केंद्रित झालेले असते. उरलेली पात्रे ‘इतर पात्रे’ या एकाच मथळ्याखाली चार ओळींत आटोपली जातात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरती ही सोय ठीक आहे. परंतु ज्या साहित्यकृतीची मुळे लोककथेत रुजलेली आहेत, तिच्या बाबतीत या सोयीमुळे मुख्य मुद्दाच हातून निसटतो. लोककथा ही नाव न उरलेल्या माणसांनी सांगितलेली आणि जपलेली असते. अशा कथांच्या आधारावर एखाद्या लेखकाने नवे विश्व उभारले, तर त्या विश्वात ही अनाम माणसे कोठे आहेत, ती काय जाणतात आणि त्यांचे कोण ऐकते, हे प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते.

प्रस्तुत लेखात जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) या त्रिखंडात्मक कादंबरीतील काही गौण पात्रांचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. या कादंबरीतील लोकपरंपरेचे ज्ञान प्रामुख्याने गौण पात्रांपाशी आहे, आणि थोर पात्रांची योग्यता ती या ज्ञानाकडे कसे पाहतात यावरून ठरते, असे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. गौण पात्र : संकल्पना

ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली ‘आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’ या ग्रंथात सपाट पात्रे आणि गोलाकार पात्रे असा भेद केला. एखाद्याच गुणाभोवती रचलेले, न बदलणारे पात्र ते सपाट. आणि वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करण्याची क्षमता असलेले ते गोलाकार. हा भेद उपयुक्त असला तरी वास्तववादी कादंबरी डोळ्यांसमोर ठेवून तो केलेला आहे. लोककथेतील जवळजवळ सर्वच पात्रे या कसोटीवर सपाट ठरतात. माक्स ल्यूथी यांनी १९४७ मध्ये युरोपीय लोककथेचे विवेचन करताना सखोलतेचा अभाव हे लोककथेचे शैलीवैशिष्ट्य असल्याचे दाखविले. म्हणजेच सपाटपणा हा येथे दोष न राहता कथनाची रीत ठरतो.

व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली रशियन अद्भुतकथांचा अभ्यास करून पात्रांपेक्षा त्यांच्या कार्याला महत्त्व दिले. त्यांनी सांगितलेल्या सात कार्यक्षेत्रांपैकी ‘दाता’ आणि ‘सहायक’ ही दोन आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. वनातील म्हातारी नायकाची परीक्षा घेते. तो नम्रपणे वागला तर ती त्याला एखादी वस्तू देते किंवा वाट सांगते. आपल्याकडील कहाण्या ऐकत वाढलेल्या वाचकाला हा प्रसंग नवा नाही. म्हातारीचे ऐकणारा तरतो आणि तिला हिणवणारा फसतो, हा या कथांचा अलिखित नियम आहे.

अलीकडच्या काळात अ‍ॅलेक्स वोलॉक यांनी ‘द वन व्हर्सेस द मेनी’ (२००३) या ग्रंथात कादंबरीतील मर्यादित अवकाश नायक आणि इतर पात्रे यांच्यात कसा वाटला जातो, याचा विचार मांडला. एखाद्याला किती जागा मिळते, हा त्यांच्या मते अर्थनिर्णयाचाच भाग आहे. प्रॉप आणि वोलॉक एकत्र वाचले असता पुढील प्रश्न समोर येतो : ज्याचे कार्य मोठे आहे पण ज्याला जागा थोडी मिळाली आहे, अशा पात्राचे काय? टोल्किन यांच्या कादंबरीत अशी पात्रे अनेक आहेत.

२. टोल्किन आणि लोकपरंपरा

टोल्किन हे व्यवसायाने भाषाशास्त्रज्ञ होते. १९२५ ते १९४५ या काळात ते ऑक्सफर्ड विद्यापीठात अँग्लो-सॅक्सन विषयाचे आणि त्यानंतर १९५९ पर्यंत इंग्रजी भाषा व साहित्याचे प्राध्यापक होते. १९३९ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्यांनी परीकथांविषयी व्याख्यान दिले. परीकथा ही केवळ बालकांसाठी असते, ही समजूत त्यांनी त्यात खोडून काढली.

त्यांच्या कल्पित विश्वाची बांधणी बऱ्याच अंशी जुन्या शब्दांवर झालेली आहे. ‘द हॉबिट’ (१९३७) या पुस्तकातील बहुतेक बुटक्यांची नावे, तसेच ‘गँडाल्फ’ हे नाव, प्राचीन नॉर्स भाषेतील ‘व्होलुस्पा’ या काव्यातील नामावलीतून घेतलेले आहे. मूळ काव्यात ही केवळ नावे आहेत. त्यांच्यामागची कथा उपलब्ध नाही. वृक्षपालक ‘एंट’ हा शब्द प्राचीन इंग्रजीत राक्षसकाय प्राण्यासाठी वापरला जात असे. ‘वोज’ या वनवासी जमातीचे नाव मध्ययुगीन इंग्लंडमधील ‘वुडवोज’ म्हणजे रानमाणूस या लोककल्पनेशी निगडित आहे. ज्या मध्ययुगीन काव्यात या रानमाणसांचा उल्लेख येतो, त्या ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’चे संपादन टोल्किन यांनी ई. व्ही. गॉर्डन यांच्यासमवेत १९२५ मध्ये केले होते. थोडक्यात, परंपरेत ज्यांचे नाव तेवढे उरले होते अशांना कथा देणे, ही टोल्किन यांची एक महत्त्वाची निर्मितिप्रक्रिया होय.

३. हसण्यावारी नेलेली गोष्ट : टेड सँडीमन आणि एंट

कादंबरीचे कथानक सर्वश्रुत आहे. सत्तेचे मूर्तरूप असलेली एक अंगठी नष्ट करण्याची जबाबदारी फ्रोडो या हॉबिटावर येते. हॉबिट हे शायर नावाच्या शांत मुलखात राहणारे, ठेंगणे, शेतीवाडी करणारे लोक आहेत. कथेच्या आरंभी, दुसऱ्याच प्रकरणात, बायवॉटर गावच्या ‘ग्रीन ड्रॅगन’ या गुत्त्यात पारावरच्या गप्पांसारख्या गप्पा रंगल्या आहेत. फ्रोडोचा माळी सॅम सांगतो की, त्याच्या हॅल नावाच्या चुलतभावाने उत्तरेकडच्या माळावर झाडाएवढा मोठा जीव चालताना पाहिला. गिरणीवाल्याचा मुलगा टेड सँडीमन ही गोष्ट उडवून लावतो. हॅलने एल्मचे झाड पाहिले असेल, असे तो म्हणतो. तो जीव चालत होता आणि त्या माळावर एल्मची झाडेच नाहीत, असे सॅम म्हणताच, मग त्याने काहीच पाहिले नसणार, असा टेडचा निवाडा असतो. गुत्त्यातील मंडळी हसतात आणि विषय संपतो.

हॅलने नेमके काय पाहिले, याचा खुलासा कादंबरी अखेरपर्यंत करीत नाही. तथापि चालणारे वृक्षसदृश जीव या जगात आहेत, हे दुसऱ्या खंडात सिद्ध होते. हे एंट सारुमान या मांत्रिकाच्या आयसेनगार्ड नगरीचा विध्वंस करतात. त्यांना पाहून रोहानचा राजा थिओडेन थक्क होतो. त्यावर गँडाल्फ त्याला सुचवितो की, याचे उत्तर त्याच्याच राज्यातील मुले शेकोटीपाशी ऐकलेल्या गोष्टींवरून देऊ शकली असती. राजाला तेव्हा जाणीव होते की, या गोष्टी आपण मुलांना केवळ रूढी म्हणून सांगत राहिलो आणि त्यांचा अर्थ विसरलो.

येथे दोन श्रोत्यांची तुलना करणे उद्बोधक ठरेल. थिओडेन आपले अज्ञान मान्य करतो आणि त्यामुळे त्याचे जग विस्तारते. सँडीमन मात्र हसण्यापाशीच थांबतो. कादंबरीच्या शेवटी शायर परकीय गुंडांच्या ताब्यात गेलेले असते. ज्या गिरणीत सँडीमनचा बाप स्वतःचा मालक होता, तेथेच मुलगा त्या माणसांसाठी चाके साफ करतो आणि त्यातच धन्यता मानतो. आपल्या मुलखाच्या कथांना भाकडकथा म्हणणारा माणूस तो मुलूख उजाड होत असताना विध्वंसकांच्या बाजूला उभा राहतो, हा संबंध टोल्किन यांनी कोणतेही भाष्य न करता मांडला आहे.

याच संदर्भात आणखी एक तपशील लक्षणीय आहे. एंटांचा प्रमुख ट्रीबियर्ड याला सर्व सजीवांची एक प्राचीन यादी पाठ आहे; परंतु तीत हॉबिटांचा उल्लेख नाही. दोन हॉबिट त्याला भेटल्यावर यादीत नवी ओळ घालण्याचा विचार पुढे येतो. परंपरा ही बंदिस्त वस्तू नसून जे वगळले गेले त्यांना सामावून घेण्यासाठी ती दुरुस्त करता येते, हे या छोट्या प्रसंगातून सूचित होते.

४. नावे जाणणारा आणि पाला जपणारे : योरेथ

प्रस्तुत प्रतिपादनाचा सर्वांत बळकट पुरावा तिसऱ्या खंडातील ‘द हाउसेस ऑफ हीलिंग’ या प्रकरणात आढळतो. मिनास तिरिथ या नगरीतील शुश्रूषागृहात फारामिर, इओविन आणि मेरी हा हॉबिट असे तिघे शत्रूच्या काळ्या छायेने ग्रासून मरणासन्न अवस्थेत पडले आहेत. तेथील वैद्यांची विद्या निष्प्रभ ठरली आहे. योरेथ ही त्या गृहात सेवा करणाऱ्या स्त्रियांमधील सर्वांत वयोवृद्ध स्त्री. राजाच्या हातात रोग बरे करण्याचे सामर्थ्य असते आणि त्यावरूनच खरा राजा ओळखावा, असे जुने लोक म्हणत, हे ती सहज बोलून जाते. गँडाल्फ ते शब्द तत्काळ उचलतो आणि नगराबाहेर थांबलेल्या अ‍ॅरागॉर्नला घेऊन येतो. राजपदाचा वारस कोण, हा कादंबरीतील मोठा राजकीय प्रश्न येथे एका परिचारिकेच्या स्मरणातून सुटण्याच्या मार्गाला लागतो.

अ‍ॅरागॉर्न ‘अथेलास’ ही वनस्पती मागतो. योरेथला ती ‘किंग्जफॉइल’ या गावरान नावाने माहीत आहे. पण शुश्रूषागृहात ती ठेवली जात नाही. मग औषधींचा अधिकारी येतो. त्याला या वनस्पतीची बोलीतील, उच्चभ्रू भाषेतील आणि अतिप्राचीन भाषेतील अशी सर्व नावे ठाऊक आहेत. तिच्याविषयीचे जुने पद्यही त्याला येते. मात्र म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी भ्रष्ट झालेले, निरर्थक पद्य असे त्याचे त्याविषयी मत आहे. म्हातारी माणसे डोकेदुखीवर अजूनही तिचा काढा घेतात, हेही तो सांगतो. एवढे सारे ज्ञान असूनही त्याच्या भांडारात त्या वनस्पतीचे एक पानदेखील नाही. त्यामुळे कमी विद्वान पण अधिक शहाण्या अशा एखाद्या म्हाताऱ्याच्या घरी ती शोधावी, असे गँडाल्फ संतापून सुचवितो. अखेर बेरगिल हा दहा वर्षांचा मुलगा धावत जाऊन फडक्यात बांधलेली सहा पाने घेऊन येतो. पाने ताजी नाहीत, किमान दोन आठवड्यांपूर्वी तोडलेली आहेत. त्याच शिळ्या पानांनी तिघांचे प्राण वाचतात.

या प्रसंगात ज्ञानाची विभागणी कशी झाली आहे, हे पाहावे. औषधी-अधिकाऱ्याजवळ नावे आहेत, पण पाला नाही. योरेथजवळ जनश्रुती आहे, पण पाल्याचे महत्त्व तिला ठाऊक नाही. पाला कोणा सामान्य घरात जपून ठेवलेला आहे. बेरगिलपाशी धावण्याची तत्परता आहे, आणि वापर कसा करावयाचा हे अ‍ॅरागॉर्न जाणतो. यांपैकी एक दुवा निखळला असता तर उपचार झाला नसता. ज्याला आपण ‘आजीबाईचा बटवा’ म्हणतो, त्याचे मोल येथे भावनेच्या भरात वाढविलेले नाही. बटव्यात पाला असला तरी त्याचा अर्थ जाणणारा लागतो, आणि अर्थ जाणणाऱ्यालाही बटव्यावाचून गत्यंतर नसते. ग्रंथविद्येचा दोष अज्ञान हा नसून तुच्छता हा आहे : पद्य निरर्थक आहे असे एकदा ठरविल्यावर पाने साठविण्याचे कारणच उरत नाही.

५. वाट जाणणारा : घान-बुरी-घान

मिनास तिरिथला वेढा पडला असताना रोहानचे घोडदळ मदतीस निघालेले असते, पण हमरस्ता शत्रूने अडविला आहे. अशा वेळी द्रूअदान वनातील वनवासींचा प्रमुख घान-बुरी-घान राजा थिओडेनला भेटतो. गोंडोरच्या लोकांनी पूर्वी दगड वाहून नेण्यासाठी बांधलेला गाडीरस्ता आता सर्वांच्या विस्मरणात गेला आहे. वनवासींना मात्र तो माहीत आहे. रस्ता बांधणाऱ्यांची स्मृती बुजली आणि ज्यांना रानटी ठरविले गेले त्यांनी ती राखली, असा हा विरोध आहे.

शत्रूचे बळ त्याला कसे कळले, अशी शंका सेनानी इओमेर घेतो तेव्हा घान दुखावतो. आम्ही रानात राहतो म्हणून आम्हांला बालके समजू नका, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. मग तो घोडेस्वारांची संख्याच सांगतो : वीस विसांची पंधरा पटी, म्हणजे सहा हजार. ज्याला गणित येत नसेल असे गृहीत धरले गेले, त्याने समोरच्या सैन्याची अचूक मोजणी केलेली असते.

याहून महत्त्वाचा प्रश्न मोबदल्याचा आहे. राजा बक्षीस आणि मैत्री देऊ करतो. मेलेली माणसे मैत्री करू शकत नाहीत, हे घान रोखठोकपणे सांगतो आणि एकच मागणी करतो : युद्धातून वाचलात तर आम्हांला आमच्या वनात राहू द्या आणि जनावरांसारखी आमची शिकार करू नका. या मागणीतून वाचकाला एक अप्रिय सत्य समजते. ज्या घोडेस्वारांचे शौर्य वाचक इतका वेळ कौतुकाने पाहत आला, ते आजवर या माणसांची शिकार करीत आलेले आहेत. नायकांच्या बाजूचा हा दोष कोणत्याही प्रमुख पात्राने सांगितलेला नाही. तो एका प्रकरणापुरत्या आलेल्या पात्राच्या तोंडून उघड होतो. युद्धानंतर अ‍ॅरागॉर्न ते वन घान आणि त्याच्या लोकांना कायमचे बहाल करतो, व त्यांच्या अनुमतीवाचून तेथे कोणी पाऊल टाकू नये असे जाहीर करतो. पदरी पडलेले हे दान नसून वाटेची किंमत आहे, आणि ती चुकती केल्याशिवाय नव्या राजाचे राज्य न्याय्य ठरले नसते.

६. मर्यादा

गौण पात्रांचे असे महत्त्व मान्य करताना दोन मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा लोकस्मृतीची आहे. ती विसरते आणि चुकतेही. ब्री गावचा खानावळवाला बटरबर हा गँडाल्फने फ्रोडोसाठी ठेवलेले पत्र पाठविण्याचे विसरतो. जुलैअखेरपर्यंत निघावे असे पत्रात सांगितलेले असते. पत्र न मिळाल्याने फ्रोडो सप्टेंबरच्या उत्तरार्धात निघतो आणि काळे स्वार त्याच्या मागावर पोहोचतात. योरेथसुद्धा राज्याभिषेकाच्या दिवशी आपल्या नातेवाईक स्त्रीला फ्रोडोचा पराक्रम सांगते तो साफ चुकीचा : फ्रोडोने जणू अंधाराच्या स्वामीशी एकट्याने लढून त्याच्या मनोऱ्याला आग लावली. सत्य घटना घडून फार काळ लोटलेला नाही, तोच तिची दंतकथा होऊ लागली आहे. लोकस्मृती जशीच्या तशी खरी मानावी असे टोल्किन कोठेही सुचवीत नाहीत. ती ऐकावी आणि पारखून घ्यावी, एवढीच अपेक्षा आहे.

दुसरी मर्यादा लेखकाच्या चित्रणाची आहे. घानची तुटक भाषा आणि त्याचे शारीरिक वर्णन यांवर युरोपीय साहित्यातील ‘रानटी माणूस’ या ठरीव प्रतिमेची छाप आहे. योरेथची बडबड विनोदासाठी वापरलेली आहे. लेखकाने त्यांना प्रतिष्ठा दिली. पण ती त्यांना गमतीदार वा विचित्र ठेवूनच दिली, ही टीका रास्त आहे. तथापि कथेच्या रचनेत त्यांना मिळालेले निर्णायक स्थान या टीकेमुळे रद्द होत नाही.

७. रूपांतरातील गळती

पीटर जॅक्सन यांनी २००१ ते २००३ या काळात या कादंबरीवर तीन चित्रपट केले. चित्रपटाला कालमर्यादा असते, त्यामुळे काटछाट अपरिहार्य ठरते. तरीही काय गळले हे पाहणे उद्बोधक आहे. तिसऱ्या चित्रपटात घान-बुरी-घान नाही. रोहानचे घोडदळ कोणाच्याही मार्गदर्शनावाचून रणांगणावर पोहोचते. योरेथ आणि औषधी-अधिकारी यांनाही स्थान मिळालेले नाही. परिणामी विजय हा शूरांचाच ठरतो. वाट कोणी दाखविली आणि पाने कोणी जपली, हे प्रश्न शिल्लकच राहत नाहीत. कथानक त्यामुळे अडखळत नाही, हे खरे. परंतु विजयाचे ऋण कोणाचे, हा हिशेब मात्र बदलतो. चित्रपटांतून वगळलेला टॉम बॉम्बाडिल २०२४ मध्ये ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ या मालिकेच्या दुसऱ्या पर्वात पडद्यावर आला. गौण पात्रांना रूपांतरात पुन्हा जागा मिळू शकते, हे यावरून दिसते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) लोककथाप्रेरित अद्भुतविश्वातील गौण पात्रे मानसशास्त्रीय दृष्टीने सपाट असली तरी कार्याच्या दृष्टीने निर्णायक असू शकतात. त्यांचे मूल्यमापन वास्तववादी कादंबरीच्या निकषांनी करणे अपुरे ठरते.

२) लोककथेतील दाता नायकाला जादूची वस्तू देतो. टोल्किन यांच्या कादंबरीतील गौण पात्रे स्मृती देतात : जनश्रुती, विसरलेला रस्ता, जपलेला पाला.

३) प्रमुख पात्रांची नैतिक परीक्षा या पात्रांच्या समोर होते. गँडाल्फ ऐकतो, थिओडेन शिकतो, अ‍ॅरागॉर्न ऋण फेडतो. सँडीमन हसतो आणि औषधी-अधिकारी तुच्छ लेखतो.

४) ही स्मृती सदोष असते. तिचा आदर करणे आणि तिची चिकित्सा करणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कराव्या लागतात.

साहित्याच्या अध्यापनात या निष्कर्षांचा प्रत्यक्ष उपयोग आहे. ‘इतर पात्रे’ या मथळ्याखाली गुंडाळलेल्या प्रत्येक पात्राविषयी विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारता येतील : याला काय माहीत आहे? ते त्याला कोठून मिळाले? आणि त्याचे कोण ऐकते? लोकसाहित्याच्या क्षेत्रीय अभ्यासासाठी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यालाही हेच प्रश्न उपयोगी पडतील. एखाद्या वृद्धेने सांगितलेल्या वनस्पतीचे शास्त्रीय नाव टिपून घेणे आवश्यक आहेच. पण ती वनस्पती अजून कोणाच्या परसात शिल्लक आहे, हेही त्याच वहीत लिहिले गेले पाहिजे.